टेकलं की उसळतं: लहान विमानाच्या लँडिंगमधली वारंवार होणारी चूक कशी शोधायची

"चाक टेकलं की विमान परत वर जातं." लहान खासगी विमानाचे मालक ही तक्रार घेऊन येतात तेव्हा संशयित बहुतेक ठरलेला असतो. कुणी नोजव्हीलला (नाकाखालच्या चाकाला) दोष देतो, कुणी वाऱ्याला, कुणी त्या एका रनवेला. शिकाऊ पायलटांना आणि परवाना मिळून बरीच वर्षं झालेल्यांनाही मी शेजारच्या सीटवर बसून ही एकच खोड काढायला मदत करत आलो आहे. कारणं साधारण कुठल्या क्रमाने सापडतात ते आता ठाऊक झालं आहे, म्हणून त्याच क्रमाने लिहितो: आधी फुकटातले उपाय, शेवटी खर्चाचे.

हे सगळं नोजव्हील असलेल्या एका इंजिनाच्या विमानांबद्दल आहे. सेस्ना १७२, १८२, पायपर पीए-२८ वगैरे. टेलव्हीलचं (तिसरं चाक शेपटीखाली असलेल्या विमानांचं) गणित वेगळं असतं, त्याला इथली गृहीतकं लावू नका.

आधी लक्षण नेमकं ओळखा

"लँडिंग बिघडतं" एवढ्यावरून काहीच कळत नाही. पुढच्यापैकी काय घडतं ते बघा.

- तरंगणं: थ्रॉटल पूर्ण मागे आहे, म्हणजे इंजिनाची पॉवर काढलेली आहे, तरी विमान रनवेवर काही फुटांवरून वाहत राहतं आणि बराचसा रनवे मागे पडतो.
- फुगणं: फ्लेअरसाठी (टेकायच्या आधी नाक हळूहळू उचलण्यासाठी) योक (नाक वर-खाली करायचं हँडल) ओढताच विमान खाली यायच्या ऐवजी वर चढतं.
- एकच उसळी: टेकतं, थोडं वर जातं, पुन्हा टेकतं.
- लागोपाठ उसळ्या: नोजव्हील आपटतं, नाक वर फेकलं जातं, मग पुन्हा नोजव्हील, आणि प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा मोठी.
- धपकन पडणं: विमान जमिनीपासून बरंच वर असतानाच उडायचं थांबतं आणि कोसळल्यासारखं खाली येतं.
- नोजव्हीलवर धावणं: टेकल्यावर मुख्य चाकांवर भार येत नाही, सगळं वजन पुढे, आणि विमान एका बाजूला ओढ घेतं.

पाचवं लक्षण सोडलं तर बाकी सगळ्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: जास्तीचा वेग. पण आठवणीवर विश्वास ठेवू नका. कॉकपिटमध्ये वेगदर्शक आणि समोरचा रनवे दोन्ही दिसतील असा छोटा कॅमेरा पक्का बसवा, आणि जमल्यास कुणाला तरी सुरक्षित अंतरावरून, बाजूने चित्रण करायला सांगा. कुठलं चाक आधी टेकलं हे पायलटला आतून नीट कळत नाही. "मुख्य चाकंच आधी टेकली" असं शपथेवर सांगणाऱ्यांच्या चित्रणात नोजव्हील आधी टेकताना मी पाहिलं आहे.

हा फरक का महत्त्वाचा? नोजव्हीलच्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो. मुख्य चाकं आधी टेकली तर नाक आपोआप खाली येतं, पंखांचा हवेशी होणारा कोन कमी होतो, लिफ्ट (पंखांची उचलणारी शक्ती) घटते आणि विमान जमिनीला चिकटतं. नोजव्हील आधी टेकलं तर उलट होतं. नाक वर ढकललं जातं, कोन वाढतो, आणि वेग अजून शिल्लक असल्याने विमान खरोखरच पुन्हा उडतं. म्हणून मोठी उसळी दिसली की मी नोजगिअरच्या स्प्रिंगकडे बघत नाही, आधी टेकतानाची नाकाची स्थिती आणि वेग बघतो.

सीट आणि चष्मा

तुम्ही दर वेळी एकाच उंचीवर बसता का? विमान दोघा-तिघांच्या मालकीचं असेल तर बहुधा नाही. डोळे दोन इंच खाली गेले तरी काउलिंगवरून (इंजिनावरच्या झाकणावरून) दिसणारं रनवेचं चित्र बदलतं, आणि फ्लेअर कधी सुरू करायचा हा अंदाज त्याच चित्रावर बांधलेला असतो. सीट कुठे ठेवायची ते एकदा ठरवा आणि उड्डाणाआधीच्या चेकलिस्टमध्ये लिहून टाका. सीट रेलमध्ये पक्की अडकली आहे ना, हे पुढे-मागे जोर लावून बघा. ऐन वेळी मागे सरकणारी सीट योकही सोबत ओढते.

अलीकडे प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला असेल तर तेही ध्यानात घ्या. त्या काचांतून जमीन खालच्या भागातून, म्हणजे वाचनाच्या नंबरातून दिसते. चाळिशीनंतर अचानक लँडिंग बिघडलेल्या माणसाला मी हा प्रश्न लवकर विचारतो, आणि उत्तर बरेचदा "हो" असतं.

तुमचा आकडा कुठून आला?

फायनलवर, म्हणजे रनवेच्या रेषेत उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यात, किती वेग ठेवता असं विचारलं की लोक एक आकडा सांगतात. तो कुठून आला असं विचारलं की गप्प होतात. कुणा जुन्या इन्स्ट्रक्टरने सांगितलेल्या आकड्यात "सुरक्षिततेसाठी" पाच मिळवलेले असतात, मग प्रवासी आहेत म्हणून आणखी पाच. सेस्ना १७२एस च्या हँडबुकात (कंपनीच्या उड्डाण-पुस्तिकेत) पूर्ण फ्लॅप्ससह (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या पूर्ण खाली करून) साध्या लँडिंगसाठी ६० ते ७० नॉट, म्हणजे ताशी सागरी मैल, दिले आहेत. ६५ ऐवजी ७५ ने आलात तर गतिज ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ही ऊर्जा कुठेतरी खर्चावीच लागते. एकतर तरंगून, नाहीतर ब्रेकवर, आणि ती संपायच्या आत चाकं जबरदस्तीने टेकवलीत तर उसळीत.

जमिनीजवळ ही ऊर्जा आणखी सावकाश संपते. पंख त्यांच्या विस्ताराच्या एक चतुर्थांश उंचीवर आले की इंड्यूस्ड ड्रॅग (लिफ्टसोबत येणारा हवेचा अडथळा) सुमारे २३.५ टक्क्यांनी कमी होतो, एक दशांश उंचीवर सुमारे ४७.६ टक्क्यांनी. सेस्ना १७२ चा पंखविस्तार ३६ फूट आहे, पण पंख वर असल्यामुळे चाकं टेकली तरी ते त्या दुसऱ्या उंचीपर्यंत खाली येत नाहीत. खाली पंख असलेलं पायपर मात्र त्याच्या बरंच जवळ जातं. सेस्नावरून पायपरवर गेलेल्यांना "हे विमान टेकतच नाही" असं वाटतं ते यामुळे.

इथे तीन गोष्टी तपासा, तिन्ही फुकट आहेत.

पहिली, एकक. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनलेल्या बऱ्याच विमानांत वेगदर्शक ताशी मैलांत आहे. ७० मैल म्हणजे जेमतेम ६१ नॉट. मैलांतला आकडा डोक्यात ठेवून नॉटच्या विमानात बसलात तर वेग पंधरा टक्क्यांनी आणि ऊर्जा सुमारे ३२ टक्क्यांनी जास्त. दोन विमानं आलटून-पालटून उडवणाऱ्यांत हा घोळ मी पुष्कळदा पाहिला आहे.

दुसरी, वजन. हँडबुकातला आकडा सहसा कमाल वजनासाठी असतो. वजन २० टक्क्यांनी कमी असेल तर स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो) सुमारे १० टक्क्यांनी उतरतो. १७२एस चं कमाल वजन २,५५० पौंड. एकटा पायलट आणि अर्ध्या टाक्या असतील तर ते २,०४० च्या आसपास येतं. म्हणजे हँडबुकाचा आकडा काटेकोर पाळला तरी हलकं विमान थोडं तरंगणारच. तुम्ही स्वतःच्या मनाने हँडबुकाच्या खाली जा असं मी सांगत नाही, पण वर चढवायला तर काहीच कारण नाही. मोकळं विमान घेऊन एकट्याने सराव करताना लँडिंग जास्त बिघडतं अशी तक्रार असेल तर उत्तर इथे आहे.

तिसरी, झोत. वाऱ्याच्या झोतांसाठी जास्तीचा वेग घ्यायचा तो स्थिर वारा आणि झोत यांतल्या फरकाच्या निम्मा. वारा १२ नॉट, झोत २० नॉट, फरक ८, तर ४ मिळवा. पूर्ण २० मिळवणारेही असतात.

उंचावरच्या रनवेवर एक वेगळा चकवा असतो. दर हजार फुटांमागे खरा वेग दर्शवलेल्या वेगापेक्षा साधारण दोन टक्क्यांनी वाढतो. पाच हजार फुटांवर दर्शकात ६५ नॉट असतील तर जमीन ७१ च्या आसपास वेगाने मागे पळताना दिसते. ते बघून वेग कमी केलात तर विमान धपकन पडतं. नजरेपेक्षा दर्शकाचं ऐका, आणि जीपीएसचा जमिनीवरचा वेग फायनलवर बघूच नका.

ट्रिम आणि सामान

फायनलवर योक सोडला तर विमान ठरवलेला वेग राखतं का? राखत नसेल तर ट्रिम (हाताने न धरता वेग टिकवणारी जुळवणी) झालेलं नाही, आणि वेग सांभाळायचं सगळं काम तुमचा हात करतो आहे. नजर बाहेर गेली की तो हात ढिला पडतो आणि वेग सरकतो.

पुढे दोघं, मागे कुणी नाही, डिकी रिकामी अशा स्थितीत गुरुत्वमध्य पुढच्या मर्यादेला टेकतो. सेस्ना १८२ मध्ये हे फार जाणवतं. फ्लेअरला योक इतका जड होतो की पायलट अर्धवट ओढतो आणि नोजव्हील आधी आपटतं. या विमानाच्या फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) त्यामुळे होणारं नुकसान इंजिनीअर लोकांच्या चांगलं परिचयाचं आहे. वजन-समतोलाचा तक्ता काढून बघा; मर्यादेत बसत असेल तर डिकीत थोडं वजन पक्कं बांधा.

चूक रनवेवर दिसते, पण होते आधीच

इथून पुढे इंधन लागेल. जमिनीपासून ५०० फुटांवर आलात की स्वतःला विचारा: सेंटरलाइनवर आहे का, फ्लॅप्स ठरल्याप्रमाणे आहेत का, वेग ठरवलेल्या आकड्याजवळ स्थिर आहे का, खाली येण्याचा दर बरोबर आहे का? तीन अंशांच्या उतारासाठी जमिनीवरच्या वेगाला पाचने गुणा: ६५ नॉटला मिनिटाला सुमारे ३२५ फूट. यांतलं एकही उत्तर "नाही" असेल आणि लगेच सुधारत नसेल तर गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारी साखळी अशी: बेस (फायनलच्या आधीचा आडवा टप्पा) उंच राहतो, फायनलवर रनवे फार खाली दिसतो, पायलट नाक खाली करून रनवेच्या आकड्यांवर रोखतो, उंची घटते पण वेग वाढतो, आणि रनवेच्या सुरुवातीला विमान योग्य उंचीवर पण चुकीच्या वेगाने पोचतं. उंची जास्त असेल तर पॉवर पूर्ण काढा, उरलेले फ्लॅप्स द्या, आणि हँडबुकात मनाई नसेल तर स्लिप करा (विमान तिरकं धरून वेग न वाढवता उंची घटवा). एवढ्यानेही भागत नसेल तर हे लँडिंग झालेलं नाही असं समजा.

बेसवरून वळताना सेंटरलाइन ओलांडली गेली तर वळण आवळू नका. पातळी राखून वळताना ४५ अंश कलात स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी वाढतो. रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून नाक ओढणं तर त्याहून वाईट. ही चूक लँडिंग बिघडवून थांबत नाही, ती जीव घेते.

फ्लेअर: नजर आणि हात

वेग बरोबर असूनही विमान फुगतं किंवा पडतं, तेव्हा नजर तपासा. बहुतेक जण नाकासमोरच्या जवळच्या तुकड्याकडे बघतात. त्या वेगाला जवळची जमीन अस्पष्ट होते, उंचीचा अंदाज चुकतो आणि हात घाई करतो. फ्लेअर साधारण १० ते २० फुटांवर सुरू होतो. त्या क्षणी नजर रनवेच्या दूरच्या टोकाकडे न्या. उंची कमी होताना कडा दोन्ही बाजूंनी वर येताना डोळ्यांच्या कोपऱ्यांतून जाणवतात.

हाताचा नियम माझ्याकडे एकच आहे: फ्लेअर सुरू झाल्यावर योक मागे येतो किंवा थांबतो, पुढे जात नाही. विमान फुगलं तर ओढणं थांबवा, आहे तिथे धरा, ते पुन्हा खाली यायला लागलं की परत ओढा. फार उंच फुगलं असेल तर पॉवर देऊन निघा. टेकवायची घाई न करता विमान काही इंचांवर उडतं ठेवायचा प्रयत्न करत राहा. पॉवर नसल्याने ते स्वतःच हरतं आणि मुख्य चाकांवर बसतं.

रुंदी आणि उतारही फसवतात. सवयीपेक्षा अरुंद रनवे असेल तर आपण उंच आहोत असं वाटतं आणि पायलट खालून येतो. रुंद रनवेवर फ्लेअर लवकर होतो आणि विमान पडतं. चढ असलेल्या रनवेवर पुन्हा खालून येणं घडतं. रनवेच्या बाजूला पापी दिवे (उताराचा कोन दाखवणारे) असतील तर बरोबर उतारावर दोन पांढरे, दोन लाल दिसतात.

उसळी आलीच तर

नुकसान पहिल्या उसळीने क्वचितच होतं, ते होतं त्यानंतरच्या प्रतिक्षिप्त हालचालीने. नाक वर गेलेलं दिसतं, पायलट ते दाबतो, पण हाताला आणि विमानाला लागणाऱ्या वेळात नाक आधीच खाली यायला लागलेलं असतं. दोन्ही जमून नोजव्हील आणखी जोरात आपटतं. दोन-तीन फेऱ्यांत नोजगिअर मोडू शकतो किंवा प्रोपेलर जमिनीला लागू शकतो. ही लय हाताने पकडून मोडायचा प्रयत्न करू नका. ते कुणालाच नीट जमत नाही, मलाही नाही.

उसळी छोटी असेल तर नाक लँडिंगच्या स्थितीत धरून ठेवा, हवी तर किंचित पॉवर द्या आणि मुख्य चाकांवर बसू द्या. मोठी असेल, वाकडी असेल, किंवा दुसऱ्यांदा आली असेल तर सरळ गो-अराउंड: पूर्ण पॉवर, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला जाणारी गरम हवा) बंद, उजवा रडर, आणि हँडबुकाप्रमाणे फ्लॅप्स टप्प्याटप्प्याने. ट्रिम अजून फायनलचं असल्याने पूर्ण पॉवरवर नाक जोरात वर येईल. इथे मात्र योक पुढे दाबून नाक रोखावंच लागतं. या दोन प्रसंगांतला फरक आधी खुर्चीत बसून पाठ करा.

नोजव्हीलवर धावत असाल तर योक पुढे दाबलेला असतोच असतो. मागे घ्या, ब्रेक नंतर.

बाजूचा वारा असेल तर विमान सरकत टेकणार नाही एवढं बघा. १७२एस मध्ये कंपनीने चाचणीत दाखवून दिलेला आडवा वारा १५ नॉट आहे. हाताला सराव नसेल तर तुमची मर्यादा त्याहून कमीच आहे.

आता विमानाकडे बघा

टायरमधली हवा आणि नोज स्ट्रटची (नोजव्हीलच्या, धक्के झेलणाऱ्या दांड्याची) उंची उड्डाणाआधी पाहता येते. स्ट्रट बसलेला असेल तर प्रोपेलरचं जमिनीपासूनचं अंतरही घटतं. टेकल्यावर नोजव्हील थरथरत असेल तर शिमी डँपर (ही थरथर शोषणारा भाग) आणि टायरचा समतोल इंजिनीअरकडून तपासून घ्या. थरथर हे उसळीचं कारण नसतं, बहुधा आधीच्या उसळ्यांचा परिणाम असतो.

वेग हँडबुकाप्रमाणे ठेवूनही विमान दर वेळी तरंगत असेल तर वेगदर्शकावर संशय घ्या. पिटॉट नळीत (समोरच्या हवेचा दाब वेगदर्शकाला पोचवणारी) गळती असेल तर तो कमी दाखवतो आणि तुम्ही नकळत वेगाने येता. स्टॅटिक (बाहेरच्या स्थिर हवेचा दाब घेणारं छिद्र) बंद पडला असेल तर खाली उतरताना तो जास्त दाखवतो, आणि हा दोष जास्त धोक्याचा. शांत हवेत एकाच उंचीवर उलटसुलट दिशांना उडून जीपीएसच्या वेगांची सरासरी काढा आणि तिची खऱ्या वेगाशी तुलना करा. नळीत फुंकर मारू नका, दर्शक बिघडतो. ती दुरुस्ती परवानाधारक इंजिनीअरची आहे.

कुठे थांबायचं

एका दिवसात दोन लँडिंग बिघडली आणि कारण कळलं नाही, तर त्या दिवशी तिसरं एकट्याने करू नका. हँडबुकाचा वेग, स्थिर फायनल आणि ठरलेली सीट एवढं करूनही दोष राहिला, किंवा गो-अराउंड करायला हात कचरायला लागला, तर इन्स्ट्रक्टर घ्या. कमी उंचीवर रनवेवरून सरळ उडत जायचा सराव आणि स्टॉलच्या वेगाची उंचावर पडताळणी एकट्याने करायची नाही.

आणि पुढच्यापैकी काही घडलं असेल तर विमान तिथेच उभं करा, घरी उडवत नेऊ नका: प्रोपेलर कशालाही लागला, नोजव्हीलवर जोरात आदळलं, फायरवॉलवर किंवा पंखांच्या पत्र्यावर सुरकुत्या दिसतात, रिव्हेट सैल दिसतात, इंधन किंवा ब्रेकचं तेल गळतं, इंजिनाची थरथर बदलली. प्रोपेलरचं टोक थोडंसंच वाकलं म्हणून इंजिन ठीक असेल असं गृहीत धरू नका. लायकॉमिंगच्या सर्व्हिस बुलेटिन ५३३ मध्ये प्रोपेलर आदळल्यानंतरच्या तपासणीचा विषय आहे, आणि त्यात इंजिन उघडण्याची वेळ येते. इंजिन बंद करण्याआधी रेडिओवर १२१.५ (आणीबाणीची फ्रिक्वेन्सी) ऐका, जोराच्या धक्क्याने ईएलटी (अपघाताचा संकेत पाठवणारा ट्रान्समीटर) चालू झालेला असू शकतो.

इंजिनीअरला "थोडं जड लँडिंग झालं" एवढंच सांगू नका. कुठलं चाक आधी टेकलं, किती उसळ्या आल्या, वेग आणि अंदाजे वजन किती होतं, फ्लॅप्स कुठे होते हे लिहून द्या आणि चित्रण असेल तर दाखवा. कुठला भाग उघडायचा ते त्यावरून ठरतं.